अन्ननलिकेतला मेटाप्लेजिया की जठरातला? रिपोर्ट सारखा दिसला तरी पुढचं गणित वेगळं

दुर्बीण टाकून झाली, तुकडा तपासायला गेला, आणि चार-पाच दिवसांनी रिपोर्टवर 'इंटेस्टायनल मेटाप्लेजिया' आलं की घरात सगळ्यांचं धाबं दणाणतं. कुणीतरी गूगल करतं, तिथे चौथ्या ओळीत कॅन्सर दिसतो, मग रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा. मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे ते तुकडे मेणात बसवायचे, पातळ काप काढायचे, स्लाइड रंगवायच्या हे माझं काम, रिपोर्ट डॉक्टर लिहितात. पण नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे लोक रिपोर्टचा फोटो मला पाठवतात आणि विचारतात, "आता दर वर्षी दुर्बीण टाकायची का रे?" त्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला, तुकडा नक्की कुठून घेतलाय? अन्ननलिकेच्या खालच्या टोकातून की जठरातून? बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, आणि सगळा निर्णय तर तिथूनच फुटतो.

आधी स्लाइडवर काय दिसतं ते सांगतो. अन्ननलिकेचं अस्तर चपट्या पेशींच्या थरांचं असतं, जठराचं उभ्या खांबासारख्या पेशींचं. या दोन्ही ठिकाणी जेव्हा आतड्यात असायला हव्यात तशा गॉब्लेट पेशी दिसायला लागतात, म्हणजे आत चिकट द्रव भरलेल्या फुगीर पेशी, तेव्हा त्याला इंटेस्टायनल मेटाप्लेजिया म्हणतात. आम्ही अल्शियन ब्लू नावाचा रंग लावतो, त्यात त्या गॉब्लेट पेशी मस्त निळ्या उठून दिसतात. तो निळा ठिपका अन्ननलिकेतही तसाच आणि जठरातही तसाच. म्हणून तर बाटलीवर जागेचं नाव लिहिलेलं नसेल तर नुसत्या काचेवरून पुढचं काही ठरवणं अवघड जातं.

आता हे का होतं त्यात फरक बघा. अन्ननलिकेत कारण म्हणजे वर्षानुवर्षं वर येणारं ॲसिड आणि पित्तरस. तिथलं मूळ अस्तर ॲसिड सोसायला बनलेलंच नाही, मग त्या जागी सोसणारं अस्तर उगवतं, यालाच बॅरेट्स इसोफेगस म्हणतात. गंमत म्हणजे हे नवं अस्तर ॲसिडला कमी कुरकुर करतं, त्यामुळे काही लोकांची छातीतली जळजळ चक्क कमी होते आणि त्यांना वाटतं पित्त बरं झालं. जठरात कारण बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, जो लहानपणीच पोटात शिरतो आणि पुढे कित्येक वर्षं सूज धरून ठेवतो. पेलायो कोरेया या कोलंबियन पॅथॉलॉजिस्टने १९७५ मध्ये याची साखळी मांडली: आधी जुनाट सूज, मग ग्रंथी झिजणं, मग मेटाप्लेजिया, मग डिस्प्लेजिया, म्हणजे पेशी कॅन्सरच्या दिशेने बिघडणं, आणि फार थोड्यांमध्ये शेवटी कॅन्सर. जंतू सापडला नंतर, १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला, मार्शल आणि वॉरन यांना, आणि २००५ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. जठरात दुसरं एक कारण म्हणजे ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस, त्यात शरीर स्वतःच जठराच्या वरच्या भागातल्या पेशी मारतं आणि बी१२ घसरतं. आपल्याकडे शाकाहारी माणसाचं बी१२ कमी आलं की "दूध-दही वाढवा" म्हणून विषय संपतो, पण जठराच्या वरच्या भागात झीज आणि मेटाप्लेजिया पण असेल तर हे कारण डॉक्टरांना विचारायलाच हवं.

मग धोका कुठे जास्त? इथे बहुतेकांना आश्चर्य वाटतं. डिस्प्लेजिया नसेल तर दोन्हीकडचा धोका साधारण सारखाच आणि तसा कमीच. डेन्मार्कमध्ये ११ हजारांवर बॅरेट्सच्या पेशंटचा अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला, त्यात अन्ननलिकेचा कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला ०.१२ टक्के निघालं, इतर काही अभ्यासांत ते याच्या दुप्पट-तिप्पट आहे. नेदरलँड्समधल्या २००८ च्या अभ्यासात जठरातल्या मेटाप्लेजियासाठी आकडा होता वर्षाला ०.२५ टक्के. म्हणजे कुठलंही घ्या, हजार लोकांमागे वर्षाला एक ते तीन-चार. हे आकडे युरोपातले आहेत हे लक्षात ठेवा. आपल्याकडे एच. पायलोरी घरोघरी आहे पण त्या मानाने जठराचा कॅन्सर देशाच्या बऱ्याच भागात कमी दिसतो, अपवाद मिझोराम, तिथे प्रमाण देशात सगळ्यात जास्त. तर धोका सारखाच असेल तर फरक काय? फरक हा की जठरात मुळावर घाव घालता येतो, जंतू मारता येतो. अन्ननलिकेत तसं मूळ उपटता येत नाही, पण बदललेल्या अस्तराचा पट्टा डोळ्यांना दिसतो, मोजता येतो, आणि बिघडायला लागला तर तेवढाच जाळून टाकता येतो. माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांवर उभं आहे.

अन्ननलिकेचं आधी घेऊ. इथे रिपोर्टमध्ये शोधायचं म्हणजे लांबी. चांगल्या एंडोस्कोपी रिपोर्टवर सी आणि एम असे दोन आकडे असतात, याला प्राग क्लासिफिकेशन म्हणतात. सी म्हणजे गोल फिरून सगळीकडून बदललेला भाग किती सेंटीमीटर, एम म्हणजे वर गेलेली सगळ्यात लांब जीभ किती. समजा 'सी० एम२' लिहिलंय, म्हणजे पूर्ण गोल पट्टा नाही, फक्त एखादी जीभ २ सेंटीमीटर वर गेलीय. १ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर त्याला बॅरेट्स म्हणतच नाहीत, ती नुसती वाकडीतिकडी झेड लाइन, म्हणजे दोन अस्तरं जिथे भेटतात ती रेघ. या रेघेवरून उगाच तुकडा घेतला की बऱ्याचदा थोडा मेटाप्लेजिया निघतो आणि चांगला धडधाकट माणूस आयुष्यभराचा पेशंट होऊन बसतो. मी हे इतक्या वेळा बघितलंय की 'इरेग्युलर झेड लाइन' वाचलं की मला आधी हायसंच वाटतं.

ही हद्द ओळखण्याची भानगड जुनीच आहे. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते लंडनचे सर्जन नॉर्मन बॅरेट, त्यांना स्वतःला १९५० मध्ये वाटलं होतं की अन्ननलिका जन्मतः आखूड आहे आणि जठरच वर छातीत ओढलं गेलंय. १९५३ मध्ये ॲलिसन आणि जॉनस्टोन यांनी दाखवलं की ती अन्ननलिकाच आहे, फक्त अस्तर बदललंय, आणि मग १९५७ मध्ये बॅरेट यांनीही ते मान्य केलं. आजसुद्धा हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला, असला की अन्ननलिका कुठे संपली आणि जठर कुठे सुरू झालं यात घोळ होतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये नुसतं 'बॅरेट्स?' असं प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं असेल आणि लांबी नसेल तर घाबरण्याआधी डॉक्टरांना विचारा, किती सेंटीमीटर होतं आणि जठराच्या घड्या कुठे संपत होत्या. फोटो असतात, ते परत बघता येतात.

डिस्प्लेजिया नसेल तर अमेरिकन गाइडलाइन म्हणते ३ सेंटीमीटरपेक्षा कमी पट्ट्याला ५ वर्षांनी दुर्बीण, ३ किंवा जास्त असेल तर ३ वर्षांनी. दर वर्षी नाही. दर वर्षी करणाऱ्यांना मी शांतपणे विचारतो की कोणी सांगितलं, तर उत्तर बहुतेक "आपलं मनाला बरं वाटतं" असं येतं. बरं, ब्रिटनमध्ये हजारो लोकांवर एक मोठी ट्रायल झाली, एका गटाला दर २ वर्षांनी दुर्बीण आणि दुसऱ्याला फक्त त्रास झाला तरच, आणि दहा-बारा वर्षांनी बघितलं तर एकूण जगण्यात फरक दिसला नाही. याचा अर्थ तपासणी फुकट असा मी काढत नाही, पण कमी धोक्याच्या माणसाने दोन तपासण्यांमधलं अंतर आणखी कमी करून काही मिळत नाही एवढं मात्र नक्की.

गोळ्यांचं मात्र इथे उलट आहे. बॅरेट्समध्ये ॲसिड कमी करणारी गोळी, म्हणजे पँटोप्राझोल, इसोमेप्राझोल वगैरे, बहुतेक कायमची असते, जळजळ नसली तरी. ब्रिटनच्या ॲस्पेक्ट ट्रायलमध्ये, २०१८ साली रिझल्ट आले, २५०० वर लोक होते, त्यात जास्त डोसच्या इसोमेप्राझोलचा गट कमी डोसच्या गटापेक्षा चांगला राहिला, ॲस्पिरिनची जोड दिल्यावर आणखी थोडा बरा. पण म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका, रक्तस्रावाचा धोका असतो, ते डॉक्टरांचं काम. गोळीने बदललेलं अस्तर पुन्हा पहिल्यासारखं होईल अशी आशा धरू नका, सहसा होत नाही, ती पुढचा बिघाड आटोक्यात ठेवायला असते. बाकी पोटाचा घेर कमी करणं, झोपायच्या ३ तास आधी जेवण उरकणं, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवणं, हे सगळं ऐकायला साधं वाटतं पण जळजळीसाठी खरंच कामाचं आहे. नुसत्या दोन उशा घेऊन मान वाकते, फायदा होत नाही.

आता जठर. इथे लांबी वगैरे विचारून उपयोग नाही कारण मेटाप्लेजिया ठिपक्याठिपक्यांनी पसरतो. इथे तीन गोष्टी शोधायच्या: जंतू आहे का, किती भागात पसरलंय, आणि प्रकार कम्प्लीट की इनकम्प्लीट. कम्प्लीट म्हणजे लहान आतड्यासारखं अस्तर, इनकम्प्लीट म्हणजे मोठ्या आतड्यासारखं, आणि दुसऱ्यात धोका जास्त. पसरलंय किती हे कळायला तुकडे ठरलेल्या जागांवरून घ्यावे लागतात, सिडनी पद्धतीत पाच घेतात, दोन अँट्रममधून म्हणजे जठराच्या खालच्या भागातून, एक मधल्या वळणावरून, दोन वरच्या कॉर्पसमधून. आणि निदान अँट्रम-कॉर्पस वेगवेगळ्या बाटल्यांत. इथेच आमच्या लाइनमधलं दुखणं आहे. सगळे तुकडे एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकून येतात, २-३ मिलिमीटरचे कण ते, एकदा मिसळले की कुठला कुठून आला हे सांगायला ब्रह्मदेव आला तरी जमणार नाही. मग रिपोर्ट येतो 'गॅस्ट्रिक बायोप्सी, फोकल इंटेस्टायनल मेटाप्लेजिया' आणि पसरण्याबद्दल काहीच कळत नाही. दुर्बीण टाकायच्या आधी "डॉक्टर, वेगळ्या बाटल्यांत पाठवाल का" एवढं विचारलं तर कोणी रागावत नाही, दोन बाटल्यांचे पैसे थोडे जास्त लागतील, पण परत दुर्बीण टाकण्यापेक्षा ते स्वस्तच.

समजा रिपोर्ट असा आहे: 'अँट्रम, क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस, फोकल कम्प्लीट इंटेस्टायनल मेटाप्लेजिया, एच. पायलोरी सीन, नो डिस्प्लेजिया. कॉर्पस, नो मेटाप्लेजिया.' यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मेटाप्लेजिया नाही, 'एच. पायलोरी सीन' हा आहे, आणि लोक नेमका तोच वाचून सोडून देतात. जंतू मारायचा कोर्स साधारण १४ दिवसांचा, बिस्मथवाला चार औषधांचा कोर्स असेल तर गोळ्या खूप असतात, तोंड कडू पडतं, आणि शी काळी होते. बिस्मथमुळे काळी होणं निरुपद्रवी, पण कोर्स नसताना डांबरासारखी चिकट काळी झाली तर ते रक्त असू शकतं, लगेच दाखवायचं. कोर्स अर्धवट सोडलात तर जंतू शिरजोर होतो, आधीच आपल्याकडे मेट्रोनिडाझोल, क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू भरपूर. आणि कोर्स संपल्यावर जंतू गेला का हे तपासायचं, कमीत कमी ४ आठवड्यांनी, श्वासाची युरिया टेस्ट किंवा शौचाची अँटिजेन टेस्ट, त्याआधी २ आठवडे ॲसिडच्या गोळ्या बंद ठेवून, नाहीतर खोटा निगेटिव्ह येतो. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये जी रक्ताची अँटिबॉडी टेस्ट असते ती यासाठी करू नका, जंतू मेल्यावरही ती पुढे बरेच महिने पॉझिटिव्ह राहू शकते आणि विनाकारण दुसरा कोर्स गळ्यात पडतो.

जंतू मारल्यावर मेटाप्लेजिया जातो का? झीज काहींची भरून येते, मेटाप्लेजिया मात्र हट्टी, बहुतेकांमध्ये राहतो. तरी मारायचाच, कारण पुढचा धोका कमी होतो. कोरियात सुरुवातीचा कॅन्सर दुर्बिणीने काढलेल्या लोकांवर ट्रायल झाली, २०१८ मध्ये छापून आली, त्यात ज्यांना जंतूचं औषध दिलं त्यांच्यात नवीन कॅन्सर जवळपास निम्मे झाले. म्हणजे इतका पुढचा टप्पा गाठलेल्यांनाही फायदा.

आणि पँटोप्राझोल? जठरातल्या मेटाप्लेजियावर ते औषध नाही. कोर्सपुरतं लागतं, नंतर त्रास असेल तर. पण आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी सकाळच्या चहासारखी झालीय, मेटाप्लेजियाचा रिपोर्ट आला म्हणून कायमची सुरू ठेवणारे किती तरी आहेत. बॅरेट्सवाल्या शेजाऱ्याचं बघून जठरवाल्याने गोळी चालू ठेवायची आणि जठरवाल्याचं ऐकून बॅरेट्सवाल्याने बंद करायची, असला उलटा कारभार मी एकाच सोसायटीत बघितलाय.

परत दुर्बीण कधी, यावर जठराच्या बाबतीत मोठ्या संस्थांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या एजीए या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या गाइडलाइनने सरसकट सगळ्यांना नको म्हटलं, युरोपची गाइडलाइन म्हणते अँट्रम आणि कॉर्पस दोन्हीकडे पसरलं असेल तर दर ३ वर्षांनी. दोघांचा सूर जुळतो तो इथे: इनकम्प्लीट प्रकार, पसरलेला, किंवा आई-वडील-भावंडांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर, असं काही असेल तर विचार करा. फक्त अँट्रममध्ये थोडासा, कम्प्लीट, जंतू मारून झालाय, घरात कुणाला नाही, अशा माणसाने पुढची दुर्बीण सोडून दिली तरी मला त्यात चूक दिसत नाही. माझ्या मावशीचा रिपोर्ट असता तर मी तिला हेच सांगितलं असतं, आणि वर सांगितलं असतं की तुझ्या मुलांची एकदा जंतूची टेस्ट करून घे.

डिस्प्लेजिया लिहून आलं की मात्र दोन्हीकडचा सूर बदलतो. पण आधी एक काम, स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, शक्यतो जो रोज पोटाच्याच बायोप्सी बघतो त्याला. लो ग्रेड, म्हणजे सौम्य, डिस्प्लेजिया ओळखणं भलतं अवघड, सुजलेल्या पेशीसुद्धा तशाच दिसतात. नेदरलँड्समध्ये साध्या हॉस्पिटलांतून आलेल्या बॅरेट्सच्या लो ग्रेडच्या केसेस तज्ज्ञांनी परत बघितल्या तर ८५ टक्के केसेसचा ग्रेड खाली आला. उरलेल्या ज्या खऱ्या होत्या त्यांचा धोका मात्र चांगलाच जास्त. त्यामुळे इथे दुसरं मत हा वेळकाढूपणा नाही. तुमचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडे ठेवलेले असतात, अर्ज केला की मिळतात, मुंबईत टाटाला किंवा आणखी कुठे दाखवता येतात. नेताना नुसती स्लाइड नको, मेणाचा ब्लॉक पण मागा, म्हणजे त्यांना नवीन काप काढता येतो.

खरा डिस्प्लेजिया ठरला तर बॅरेट्समध्ये उंचवटा असेल तो दुर्बिणीतूनच कापून काढतात आणि उरलेला सपाट पट्टा रेडिओफ्रिक्वेन्सीने जाळतात. हाय ग्रेडला हे करायचंच, लो ग्रेडला करायचं की जवळून लक्ष ठेवायचं हा तुमचा आणि डॉक्टरांचा निर्णय. युरोपातल्या एका ट्रायलमध्ये लो ग्रेडवाल्यांना जाळलं त्यांच्यात ३ वर्षांत १.५ टक्के पुढे गेले, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत २६.५ टक्के, फरक मोठा आहे. पण जाळल्यावर शंभरातल्या पाच-सहा जणांची अन्ननलिका आकसते, ती फुगवून घ्यावी लागते, आणि दोन-तीन वेळा यावं लागतं. सत्तरीतला हार्टचा पेशंट आणि पंचेचाळिशीतला माणूस यांचं उत्तर इथे एक असणार नाही. डिस्प्लेजिया नसताना मात्र कुणी "जाळूनच टाकू" म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. जठरात असा पट्टा जाळण्याचा प्रकार नसतो, तिथे चांगल्या दुर्बिणीने, तो निळसर उजेडाचा मोड असतो ना तो लावून, खराब जागा शोधायची आणि तेवढी उचलायची. जागा सापडली नाही तर हाय ग्रेडला लगेच परत शोधायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा, लो ग्रेडला वर्षभराच्या आत.

काही जणांना दोन्ही असतं, ते विचारतात जंतू मारला तर पित्त वाढेल का आणि बॅरेट्स बिघडेल का. सहसा नाही, मारून घ्या. आणि तंबाखू दोन्हीकडे वाईट, त्यात बॅरेट्स नाही म्हणून मिश्री-तंबाखू चालेल असं समजू नका, आपल्याकडे अन्ननलिकेचा कॅन्सर जास्त करून वेगळ्याच प्रकारचा असतो, चपट्या पेशींचा, त्याला बॅरेट्सची गरज लागत नाही.

घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, रक्ताची उलटी, काळी शी, हिमोग्लोबिन घसरणं, यातलं काही झालं तर ३ वर्षं आणि ५ वर्षं विसरून लगेच दाखवायचं. आणि घरात ऐंशीच्या आसपासचे आजोबा असतील, छोटा बॅरेट्स, कधीच डिस्प्लेजिया नाही, तर पुढची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की आता थांबवायचं का. युरोपची गाइडलाइन पंचाहत्तरीला थांबण्याचा विचार करा म्हणते, पण आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि दुर्बीण आपली चालूच राहते.